केव्हीएमचा डबा फेकण्याआधी एकदा वायरी अदलाबदल करून बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात येणारी पत्रं बघितली तर खड्डे, नळाचं पाणी, बसची वेळ, मी स्वतः पण दोनदा गटारीबद्दल लिहिलंय आणि त्यातलं एक छापून पण आलंय. ह्यावेळी विषय जरा वेगळा आहे, एकाच कीबोर्ड-मॉनिटरवर दोन कॉम्प्युटर चालवायचा केव्हीएमचा डबा, पण गेल्या वर्षभरात एवढ्या लोकांनी ह्याच कारणानं माझ्याकडं फेऱ्या मारल्यात की म्हटलं एकदाच लिहून टाकावं, जागा असली तर छापा, नसली तर राहू दे.

बेळगावच्या शहापुरात माझं लहानसं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पावती पुस्तकं, मंडळांचे अहवाल असली कामं. आमच्याकडं पत्रिका नुसती मराठी चालत नाही, सून गोकाककडची असते नाहीतर जावई धारवाडचा असतो, मग एका बाजूला मराठी आणि एका बाजूला कन्नड. माझं मराठीचं सगळं जुनं काम पेजमेकर नावाच्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फॉन्टांत आहे. पेजमेकर ७ आलं २००१ ला आणि त्याच्या पुढं कंपनीनं नवीन काही काढलंच नाही, ते माझ्याकडं विंडोज एक्सपीच्या मशीनवर चालतंय, एक्सपीचा सपोर्ट २०१४ च्या एप्रिलमध्ये बंद झाला म्हणून त्या मशीनला मी इंटरनेटची वायर लावतच नाही. कन्नड टायपिंगचं नुडी, युनिकोड, मेल, व्हॉट्सॅपवरनं येणारे नवरा-नवरीचे फोटो हे सगळं नव्या मशीनवर. आणि दुकान दहा बाय बारा! दोन मॉनिटर, दोन कीबोर्ड मांडले तर गिऱ्हाईक बसणार कुठं, म्हणून मध्ये केव्हीएमचा डबा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कीबोर्ड, व्हिडिओ आणि माऊस ह्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचं केव्हीएम झालंय. एकच कीबोर्ड, एकच माऊस, एकच मॉनिटर, आणि खाली दोन किंवा चार कॉम्प्युटर, बटण दाबलं की सगळं ह्याच्यावरनं त्याच्यावर जातं. पतसंस्थांत, शाळेच्या ऑफिसात, उद्यमबागेतल्या कारखान्यांत असतोय हा डबा, पण टेबलाखाली धूळ खात असतोय म्हणून कुणाचं लक्ष नसतं. (मोबाईलवर नुसतं केव्हीएम शोधलात तर लिनक्समधलं भलतंच काहीतरी निघतंय, पुढं स्विच शब्द घाला.)

तर झालं असं, ऐन लग्नसराईत, समोर खानापूरचं गिऱ्हाईक पत्रिकेचं प्रूफ बघायला बसलेलं, आणि एक्सपीवर गेलो की माऊस मेला. नव्या मशीनवर आलो की चालू. परत एक्सपीवर गेलो, कीबोर्डचे लाईट लागतात विझतात, लागतात विझतात. आमचा नेहमीचा रिपेरीवाला आला, चांगला माणूस आहे, हात लावला न लावला आणि म्हणतो, "बॉक्स होगैत्री मामा." म्हणजे डबा गेला, नवीन घ्या. नवीन डबा दोन हजाराच्या घरात. एन माडोदू, काय करणार, म्हणून मी पण हो म्हटलं, पण गिऱ्हाईक उठून गेल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला, की डबा गेला असता तर नव्या मशीनवर कसा चालला असता?

मग मी एक काम केलं, ते मी आता सगळ्यांना सांगतो. आधी डबा बाजूला ठेवून माऊस आणि कीबोर्ड थेट एक्सपीच्या मशीनला लावला. चालला. म्हणजे मशीन ठीक, माऊस ठीक. मग दोन्ही मशीनच्या वायरी डब्याच्या मागं अदलाबदल केल्या, एक नंबरची दोनला आणि दोनची एकला, मग तशीच मशीनकडची टोकं पण, आणि दरवेळी बघत बसलो की दुखणं कुणाबरोबर चालतंय. वायरीबरोबर दुसऱ्या मशीनकडं गेलं तर वायर खराब. डब्याच्या त्याच भोकाला चिकटून राहिलं तर ते भोक खराब. आणि वायर बदलली, भोक बदललं तरी त्याच मशीनला चिकटून राहिलं तर मशीनच्या बाजूला बघायचं. एवढ्याला पाच मिनिटं लागत नाहीत, स्क्रूड्रायव्हर पण नको. फक्त एकावेळी एकच गोष्ट बदलायची, आमचे लोक एकदम सगळं उपसतात आणि चालू झालं की कशानं झालं ते त्यांनाच कळत नाही.

माझं दुखणं मशीनला चिकटून राहिलं. पण मशीन तर थेट लावल्यावर चालत होतं! ह्यात माझी एक संध्याकाळ गेली. शेवटी डबा हातात घेऊन उलटा केला तर बाजूला एक गोल भोक, रिकामं. अडॅप्टरचं भोक. ह्या डब्याला स्वतःचा अडॅप्टर असतोय हे मी विसरूनच गेलो होतो, कारण अडॅप्टर नसला तरी हे डबे कॉम्प्युटरच्या यूएसबीवरनंच करंट ओढून चालतात. यूएसबी २ चं एक पोर्ट जास्तीत जास्त ५०० मिलीअँपिअर देतंय, त्यात डब्याला स्वतःला पाहिजे आणि अडॅप्टर नसलेल्या हबनं, म्हणजे एका यूएसबी भोकाची जास्त भोकं करणाऱ्या डब्यानं, पुढच्या प्रत्येक जिनसाला १०० च द्यायचे असा हिशोब आहे. जुना साधा कीबोर्ड होता तोवर भागत होतं. महिन्यापूर्वी मी हौसेनं खालनं लाल-निळे लाईट लागणारा कीबोर्ड आणला. नव्या मशीनचं पोर्ट दमदार, त्यानं ओढून नेलं, एक्सपीचं म्हातारं मशीन धापा टाकायला लागलं. साधा कीबोर्ड लावून बघितला, लगेच चालू.

अडॅप्टर कुठं गेला ते शेवटी सांगतो. पण दुसरा लावायचा असेल तर डब्यावर लिहिलेले व्होल्ट वाचा, भोकात पिन बसली म्हणजे अडॅप्टर तोच असं नसतंय. राऊटरचा बारा व्होल्टचा अडॅप्टर पाच व्होल्टच्या डब्यात आरामात बसतो, आणि मग मात्र खरोखरच बॉक्स होगैत्री.

ही गोष्ट मी कट्ट्यावर सांगितली आणि तिथनं लोकांची रीघ लागली. कुणाचा डबा, कुणाची वायर, एकजण तर मॉनिटरच पिशवीत घालून आला.

एका पतसंस्थेतला ओळखीचा क्लार्क, त्याची तक्रार काय तर नवीन कीबोर्ड घेतल्यापासनं मशीन बदलतच नाही. पूर्वी स्क्रोल लॉक दोनदा दाबायचा आणि मग बाण दाबायचा, बदलायचं. मी म्हटलं स्क्रोल लॉक दाखवा. शोधतोय शोधतोय, नव्या कीबोर्डवर स्क्रोल लॉक बटणच नाही! छोट्या कीबोर्डांवर हल्ली ते काढूनच टाकतात, बाकी कुणाला त्याचं काम नसतं, केव्हीएमवाल्यांनाच असतं. काही डब्यांना ते बटण बदलून नम लॉक किंवा कंट्रोल दोनदा असं करता येतं, काहींना नाही, डब्यावरचं बटण तर असतंच. दुसरी गंमत म्हणजे कीबोर्ड कुठल्या भोकात लावलाय. डब्याला तीन-चार यूएसबी भोकं असतात, त्यातली कीबोर्ड-माऊसचं चित्र असलेली दोन वेगळी, बाकीची पेनड्राईव्ह-प्रिंटरसाठी. चित्राच्या भोकात लावलेल्या कीबोर्डचीच बटणं डबा ऐकतोय. दुसऱ्या भोकात लावला तर टायपिंग होतंय झकास पण मशीन बदलत नाही, आणि माणूस म्हणतो डबा खराब. उलटंही होतंय, गेमवाले पोरांचे भारी कीबोर्ड, दहा जादा बटणांचे, ते चित्राच्या भोकात अर्धवट चालतात, कारण तिथं डबा साधा कीबोर्ड समजूनच बोलत असतो. ते पेनड्राईव्हच्या भोकात लावायचे आणि मशीन डब्यावरच्या बटणानं बदलायचं. वायरलेस माऊसचं बोंडूक नखरे करत असेल तर ते पण तिथंच लावून बघा.

कंट्रोल दोनदा हे सेटिंग मला स्वतःला आवडत नाही. दिवसभर कॉपी-पेस्ट करणाऱ्या माणसाचा हात कंट्रोलवरच असतो, जरा घाईत दोनदा पडला की मशीन बदललं! आणि अशा घाईत कधीकधी अजून एक होतं, बटण दाबलेलं असतानाच मशीन बदललं की मागच्या मशीनला वाटतं बोट अजून कंट्रोलवरच आहे. परत तिथं आलात आणि ए टाईप केलात तर अख्खं पान सिलेक्ट, पुढं एक्स दाबलं की पान गायब. घाबरायचं नाही, अनडू करायचं आणि दोन्हीकडचे कंट्रोल, शिफ्ट, आल्ट एकेकदा दाबून सोडायचे, सुटतंय. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर काम करणाऱ्यांना शिफ्ट अडकलेला लवकर कळतो, क च्या जागी ख उमटायला लागतो. (त्यात बरं म्हणजे इन्स्क्रिप्टमध्ये मराठी क आणि कन्नड क एकाच बटणावर आहे, माझ्यासारख्याला दोन भाषांची दोन बोटं शिकायला लागली नाहीत.)

चित्राची, म्हणजे व्हिडिओची तक्रार सगळ्यात जास्त. आणि ह्यात आमच्या करंटचा हात आहे. करंट जातो, येतो, आला की दोन्ही मशीन एकदम सुरू होतात. मॉनिटर त्यावेळी एकाच मशीनला जोडलेला असतो. कॉम्प्युटर सुरू होताना मॉनिटरला विचारतो, बाबा तू कोण, केवढा मोठा, तुला काय काय दाखवता येतं? मॉनिटर त्याला आपली माहिती देतो, एडिड म्हणतात त्याला, मूळची १२८ बाइटची एवढीशी चिठ्ठी असते. ज्या मशीनकडं डबा त्यावेळी फिरवलेला नाही त्याला साध्या डब्यातनं चिठ्ठीच मिळत नाही, मग ते आपल्या मनानं १०२४ बाय ७६८ नाहीतर त्याहून लहान धरून बसतं. तुम्ही तिकडं गेलात की अक्षरं ही एवढी मोठी, आयकॉन एका कोपऱ्यात गोळा. माणसाला वाटतं ग्राफिक कार्ड गेलं. काही गेलेलं नसतं. आधी मॉनिटर चालू, मग डबा, मग डबा पहिल्या मशीनवर ठेवून ते सुरू करायचं, ते पूर्ण उघडलं की डबा दुसऱ्यावर फिरवून ते सुरू करायचं. माझ्या दुकानात करंट आला की हाच क्रम, पोऱ्याला पण पाठ झालाय. नवीन डबा घेणारच असाल तर एडिड आत साठवून ठेवणारा घ्या, तो मॉनिटरच्या वतीनं दोघांनाही चिठ्ठी देत राहतो. थोडा महाग आहे पण आपल्याकडच्या करंटला तोच बरा.

कधी चिठ्ठी वायरीतच हरवते. जुन्या निळ्या व्हीजीए वायरीत पंधरा पिना, त्यातल्या १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरनं ही माहिती जाते. निपाणीहून एक शाळेचे सर आले होते, वायर हातात घेऊन उजेडात बघितली तर १५ नंबरची पिन आडवी झोपलेली. चित्र येत होतं, रंग येत होते, फक्त मॉनिटर कोण आहे हेच मशीनला कळत नव्हतं. ९ नंबरची पिन मुळातच नसलेल्या वायरी भरपूर मिळतात, त्याला घाबरू नका. स्वस्तातल्या काही वायरींत मात्र अजून पिना कमी असतात, दिसायला सगळ्या निळ्याच. आणि लांब वायर घेऊ नका उगीच. टेबलाखालच्या टेबलाखाली पाच मीटरची वायर गुंडाळून ठेवली की अक्षरांना सावली पडते, पत्रिकेतला अनुस्वार आहे का धूळ आहे ते कळत नाही, आमच्या धंद्यात ह्यावरनं भांडणं झालीत.

एचडीएमआयवाल्यांचं दुखणं वेगळं. व्हीजीए म्हणजे अॅनालॉग आणि एचडीएमआय म्हणजे डिजिटल, नुसती दोन टोकं वेगवेगळी असलेली साधी वायर घेऊन एकाचं दुसरं होत नाही, मध्ये कन्व्हर्टर लागतो ज्याच्यात चिप असते. आणि फोरके मॉनिटर घेऊन माऊस जड चालतो म्हणणाऱ्यांनी डब्यावर एचडीएमआय किती लिहिलंय ते वाचावं. १.४ असेल तर फोरकेवर सेकंदाला ३० च चित्रं जातात, बाण तुटक तुटक पळतो. ६० साठी २.० पाहिजे, आणि नुसता डबा नाही, वायर पण तशी.

आता जुन्या मशीनवाल्यांसाठी. जांभळं भोक कीबोर्डचं, हिरवं माऊसचं, पीएस टू म्हणायचे त्याला. ते चालू मशीनमध्ये काढायचं-घालायचं नसतं, यूएसबीची सवय लागलेली पोरं बिनधास्त उपटतात, आणि जुन्या बोर्डाचा फ्यूज उडाला की मग खर्च मोठा. मशीन सुरू होताना डबा दुसरीकडं फिरवलेला असला आणि डब्यात कीबोर्डची नक्कल करायची सोय नसली तर पडद्यावर येतं, कीबोर्ड सापडला नाही, एफ वन दाबा. कीबोर्ड नाही तर एफ वन दाबू कशानं! बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानात, जाऊन कीबोर्ड नसला तरी थांबू नको असं सेटिंग असतं, ते करून ठेवायचं.

आणि पीएस टू माऊसला वेड लागणं हे तर बघण्यासारखं असतं. मशीन बदललं की बाण कोपऱ्यात पळतो, आपोआप मेनू उघडतात, क्लिक होतात, एका बाईंना वाटलं व्हायरस शिरला. कारण साधं आहे. चाकवाला माऊस आपली खबर चार-चार बाइटमध्ये पाठवतो, बिनचाकाचा तीन-तीनमध्ये. बदलताना माऊस दचकून तीनवर आला आणि मशीन चारच मोजत बसलं तर सगळा हिशोब घसरतो, वरचं अंतर खाली, क्लिकच्या जागी चाक. बऱ्याच डब्यांत माऊस रिसेटची बटणं असतात, नाहीतर सगळं सेव्ह करून मशीन एकदा रिस्टार्ट करायचं. मी सरळ यूएसबी माऊस लावून टाकला.

अजून एक, माझंच पाप. माझ्या जुन्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरला एक लॉक आहे, पेनड्राईव्हसारखं, ते लावलेलं नसलं की सॉफ्टवेअर उघडत नाही. मागं वाकायला नको म्हणून ते मी डब्याच्या भोकात लावलं. मशीन बदललं की लॉक पण दुसऱ्या मशीनकडं गेलं, आणि इकडं पेजमेकरमध्ये अर्धी पत्रिका तशीच, सेव्ह नाही. लॉक नेहमी ज्याचं त्या मशीनलाच लावा. पेनड्राईव्हचंही तेच, त्या क्लार्कनं बॅकअप चालू असताना डबा फिरवला, म्हणजे मशीनच्या दृष्टीनं पेनड्राईव्ह ओढूनच काढला, फाईल उघडेना. परत बॅकअप घेतला म्हणून वाचला.

पडद्यावर आडवे पट्टे हळूहळू वर सरकत असतील, नाहीतर डब्याच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येत असतील, तर डबा सोडा आणि भिंतीतल्या प्लगकडं बघा. एक मशीन यूपीएसवर आणि दुसरं दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर, असलं असेल तर दोन्ही एकाच बोर्डावर आणा. जुन्या वाड्यात अर्थिंग नावालाच असतं, वायरमनला बोलवून तेवढं बघून घ्या, तिथं स्वतः शहाणपणा करू नका. पावसाळ्यात आमच्याकडं तीन-चार महिने सगळं ओलं, पिना काळ्या पडतात, सगळं बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायच्या. रॉकेलनं नाही, हे लिहायला लागतंय कारण एकानं केलंय.

डबा खरंच जातो, नाही असं नाही. वळवाच्या पावसात कडाडली की मॉनिटरसकट जातो, आणि रोज शंभरदा दाबून बटण पण सैल होतं. पण माझ्याकडं वर्षात जेवढे "गेलेले" डबे आले त्यातले दोनच खरे गेलेले होते, बाकी वायर, अडॅप्टर, नाहीतर चुकीचं भोक. आमच्या रिपेरीवाल्याचंही मी वाईट सांगत नाही, त्याला दिवसात दहा ठिकाणी जायचं असतं, टेबलाखाली वाकून वायरी कोण मोजणार. आता तो स्वतःच "आधी वायर चेंज माड्री" म्हणतो. दुकानदारांना एवढंच म्हणणं आहे की डब्याबरोबर जो इंग्रजी-चिनी कागद येतो त्याच्याबरोबर अर्ध्या पानाचा मराठी आणि अर्ध्या पानाचा कन्नड कागद द्या, मजकूर लावून मी फुकट देतो, छपाई तुमची.

आणि तो अडॅप्टर. मागच्या गणपतीत भाच्यानं मखराच्या लाईटच्या माळेला लावायला नेला होता, पाच व्होल्टची माळ, बरोबर चालली. विसर्जनानंतर माळ, अडॅप्टर सगळं एकत्र गुंडाळून माळ्यावर, थर्माकोलच्या खोक्यात. खाली काढला, डब्याला लावला, लाल-निळा कीबोर्ड परत जोडला, एक्सपीवर माऊस पळायला लागला. अडॅप्टरवर आता मी एक चिठ्ठी चिकटवलीय, वर मराठीत "काढू नये", खाली कन्नडमध्ये "तेगीब्याड्री". भाचा म्हणतो मामा, यंदा माळेला काय लावू.

आपला,
एक डीटीपीवाला
शहापूर, बेळगाव